कौल बघणारी

वाघजाईला खाली आणायचं, हे मुंबईकरांचं ठरून गेलं होतं. फक्त वाघजाईला विचारायचं तेवढं राहिलं होतं. त्यासाठीच देवदिवाळीच्या सकाळी ठकूबाई आणि तिचा धाकटा भाऊ महिपती करंजमाचीची वाट चढत होते.

करंजमाचीत आता माणूस राहत नाही. पोलादपूरच्या डोंगरांत दरडी कोसळून घरंच्या घरं गाडली गेली, त्या पावसाळ्यानंतर वरच्या वाड्यांत झोपायची कोणाची छाती होईना. करंजमाचीला तसं काही झालं नव्हतं, पण घरांच्या मागे जमिनीला भेग पडली होती आणि तिच्यात काठी घातली तर अख्खी आत जायची. मग सगळी वाडी खाली सडकेला उतरली. कौलं उतरवली, वासे उतरवले, गुरं उतरवली. देवी तेवढी वर राहिली. तिला हलवायचं तर तिचा कौल घ्यावा लागतो, आणि त्या धांदलीत कौल कोण लावत बसणार?

महिपतीचा मुलगा राजेश मुंबईत मंडळाचा चिटणीस होता. त्याने आणि त्याच्या बरोबरीच्यांनी खटपट करून सडकेच्या कडेला देऊळ उभं केलं, गुळगुळीत लाद्यांचं, आत पंखा बसवलेलं. माघातला दिवस धरला, मांडववाल्याला सांगून झालं, आणि मग कुठे म्हाताऱ्यांनी आठवण केली की कौल राहिलाय. राजेश फोनवर बापाला म्हणाला होता, आबा, घ्या तो उरकून, फॉर्म्यालिटी हाय. हे 'उरकून' ठकूबाईला कालपासून चपलेतल्या खड्यासारखं टोचत होतं.

कौल तसा कोकणात सगळीकडे लावतात. देवीच्या दोन खांद्यांवर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. करंजमाचीची रीत मात्र थोडी वेगळी होती. इथे लावणारा आणि बघणारा एक नसावा. लावायचा मान महिपतीच्या घराचा. पाकळ्या लावून झाल्या की त्याने देवीकडे पाठ करून, दरीकडे तोंड करून बसायचं. बघायचं ते माहेरवाशिणीने. आणि काय पडलं ते तिनेच खाली खिंडीत येऊन वाडीला सांगायचं. तिच्या तोंडून निघेपर्यंत कौल झाला असं धरायचं नाही. ठकूबाई परकरी असताना बाबांनी तिला याचं कारण सांगितलं होतं. वाडीत ज्याचं शेत आहे, बांध आहे, भाऊबंदकी आहे, त्याच्या डोळ्यांना त्याला हवं तेच दिसतं. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं वाडीत काय असतं? तिला कशाला खोटं बोलायला लागतंय?

पुढे ठकूबाईचं जे वाडीत राहिलं, ते त्याच बाबांनी आपल्या हाताने तिथे ठेवलं होतं.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. श्रावणाच्या झडीत मुलगा झाला आणि बारशाच्या आधीच गेला. बाबांनी कुदळ घेतली, देवराईच्या वरच्या अंगाला जांभळीखाली त्याला ठेवलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर सपाट धोंडा टाकला. महिपती तेव्हा लहान, मामाकडे धाडलेला. आईने पुढे एकदा तिला जागा दाखवली, लांबूनच, बोट करून. सासरी उमरठला कोणी विषय काढला नाही. पहिलं मूल गेलं तर विषय काढायचा नाही, अशीच तेव्हा पद्धत होती. नंतर दीपक झाला, मुली झाल्या, दिवस गेले. ठकूबाईने मात्र वाघजाईच्या ओटीचा नेम धरला. सासूला वाटायचं, सून देवभोळी आहे. सून दर देवदिवाळीला डोंगर चढायची, ओटी भरायची, आणि फुलं बघून येते म्हणून जांभळीकडे जाऊन यायची. आई गेली, बाबा गेले, नवराही गेला. त्या धोंड्याखाली काय आहे, हे आता तिच्यावाचून कोणाला ठाऊक नव्हतं.

देवी खाली गेली की ओटीही खालीच. मग सत्तरी ओलांडलेली बाई एकटी रानात कशाला शिरते, याचं काय उत्तर देणार?

"आक्का, जरा दमानं गो," मागून महिपती म्हणाला. "देवी काय पळून जात नाय."

ती थांबली. तिला थांबायला नको होतं. थांबलं की मन धावायला लागायचं. गारठा अजून रानातून हलला नव्हता. वाळल्या कारवीच्या काटक्या दंवाने भिजून काळ्या पडल्या होत्या आणि पदराला लागल्या की पाणी झाडत होत्या. एरवी ही वाट माणसांच्या पायांनी घासून गुळगुळीत असायची. डोकीवर नाचणीचं ओझं घेऊन बायका पोलादपूरच्या बाजाराला याच वाटेने उतरायच्या, एकीच्या गाण्याला दुसरी खालून ओ द्यायची. आता दोन पावसाळ्यांत कारवी दोन्हीकडून आत सरकली होती. जिथे वाट मोकळी होती तिथे ती गव्यांनी मोकळी ठेवली होती. चिखलात त्यांचे खूर उमटून वाळले होते, एकेक खूर भाकरीच्या पिठाच्या गोळ्याएवढा.

महिपती देवळाचं सांगत होता. आत दिवे कसे बसवलेत, बटण दाबलं की घंटा कशी आपोआप वाजते, त्याच्या बायकोने, साळूबाईने, समईसाठी कसा हट्ट धरलाय. ठकूबाई हूं हूं करत होती. मध्येच त्याचा आवाज तुटला, म्हणून तिने वळून पाहिलं. तो एका हाताने गुडघा दाबून उभा होता आणि तिच्याकडे बघून हसत होता. वंगण संपलंय, म्हणाला.

जुन्या चौकीपाशी ते टेकले. जावळीच्या मोऱ्यांच्या वेळची चौकी, असं सगळे म्हणतात. घडीव दगडांची एक भिंत, पायऱ्यांचा तुकडा आणि कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, एवढंच तिचं उरलंय. टाक्याशेजारी वीराचा दगड आहे. त्यावरचा ढालतलवारीचा माणूस पावसाने झिजून झिजून आता लहान मुलासारखा दिसायला लागला होता. ठकूबाईने तिकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. वर हिरड्याच्या शेंड्यात शेकरू खडखड ओरडत होतं. खालच्या घळीतून भेकर भुंकलं, एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा, तशीच खरखरीत हाक.

"वाघरू असेल," महिपती म्हणाला.

वाघरू म्हणजे बिबट्या. कातळावर त्याची केसाळ विष्ठा त्यांनी येताना पाहिलीच होती. ठकूबाईला त्याची भीती वाटली नाही. तिला भीती होती ती वर पोचण्याची, आणि वर पोचायची घाईही तेवढीच होती. तिने पाण्याची बाटली न उघडताच पिशवीत टाकली आणि उठली.

माचीवर ऊन आलेलं होतं. घरांची जोती गवतात बुडाली होती. त्यांच्या घराच्या ओसरीच्या जागी गेळ्याचं झाड वीतभर नव्हे, चांगलं डोक्याएवढं झालं होतं, आणि चुलीच्या कोपऱ्यात वानरांनी बिया फोडून फोलपटांचा ढीग केला होता. महिपतीने तिथे उभं राहून चप्पल काढली, नमस्कार केला. ती थांबली नाही. सरळ देवराईत शिरली.

देवराईत तोच अंधार, तोच ओल्या पाल्याचा वास. वाघजाई आपल्या चौथऱ्यावर होती, शेंदराची, कमरेएवढी. तिचे चांदीचे डोळे चोरीच्या धास्तीने राजेशने मुंबईला नेऊन ठेवले होते, आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे तेवढे दिसत होते. ठकूबाईने ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. हात सवयीने चालत होते. मग ती म्हणाली, मी जरा फुलं बघून येते, आणि महिपती दरसालसारखा बरं म्हणाला.

जांभळीखाली पाला पडला होता. तिने तो हाताने बाजूला केला. धोंड्यावर शेवाळ चढलं होतं, थंड. ओटीतले चार तांदूळ आणि गुळाचा खडा तिने त्यावर ठेवला, दर वेळी ठेवायची तसाच. एरवी ती काही बोलत नसे. आज तिला काहीतरी सांगायचं होतं आणि शब्द सापडेना. मी आता येणार नाही, असं आईने मुलाला कसं सांगायचं? अजून ठरलं कुठे आहे, तिने स्वतःला बजावलं. देवी नाही म्हणेल. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली बाई, लाद्यांच्या देवळात कशाला जाईल?

येताना तिने तोंडदेखली दोन रानफुलं खुडली.

महिपतीने देवीचे खांदे पुसले, पाण्याचा हात फिरवला, आणि घरून आणलेल्या झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घातलं. आई, तुझी लेकरं खाली गेली, तू एकटी वर राहिलीस, तुझी मर्जी असेल तर खाली चल, नसेल तर तसं सांग, आमचं काय चुकलं असेल तर पोटात घाल. मग तो चौथऱ्याच्या कडेला गेला, पाठ फिरवून दरीकडे तोंड करून बसला.

ठकूबाई समोर बसली आणि बघू लागली.

काही पडेना. गार दगडाला पाकळ्या चिकटून राहिल्या होत्या. उन्हाचा एक कवडसा पानांतून उतरला आणि देवीच्या पायाशी आला, पण वर चढेना. तिने पाय बदलला. पदर नीट केला, पुन्हा सैल केला. एक माशी देवीच्या नाकावर बसली, तिच्याकडे ती रागाने बघत राहिली. महिपती पाठमोरा होता. मान खाली, खांदे पुढे आलेले. बाबा असेच बसायचे शेवटी शेवटी.

तेवढ्यात काटकी मोडल्याचा आवाज झाला. देवराईच्या पलीकडे, जुन्या पाणवठ्याकडे गवे उतरत होते. आधी एक मोठी गाय, काळीभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी. मग तिच्यामागून आणखी. त्यांनी माणसांचा वास घेतला असावा, कारण गाय थांबली आणि फुरफुरली. तिच्या पोटाला चिकटून तांबूस रंगाचं वासरू उभं होतं. कोणी हललं नाही. महिपतीलाही चाहूल लागली, पण रीत म्हणून त्याने मान वळवली नाही.

गवे पाणी प्यायले आणि आले तसे निघून गेले. ठकूबाईने नजर देवीकडे आणली, आणि तिच्या डोळ्यांदेखत उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली. हलकेच, कोणी बोटाने काढावी तशी, आणि देवीच्या पायाशी येऊन पडली.

देवीने होकार दिला होता.

आता ठकूबाईने 'पडलं' म्हणायचं होतं. बास, तेवढा एक शब्द. म्हणजे महिपती वळणार, हात जोडणार, आणि मग माघात ढोलताशे वर येणार. तिने तोंड उघडलं.

"काय गो?" महिपतीने न वळता विचारलं.

"अजून नाय," ती म्हणाली.

ते तिने ठरवून म्हटलं नव्हतं. पण म्हटल्यावर ती उठली, पाकळी उचलली, ताम्हनातल्या पाण्यात बुडवली आणि उजव्या खांद्यावर अंगठ्याने दाबून बसवली. देवीचे खळगे तिच्याकडे बघत होते, किंवा कुठेच बघत नव्हते. ती पुन्हा येऊन बसली. ओली पाकळी घट्ट राहिली. मघापासून वाळत आलेली डावी थोड्याच वेळात गळून पडली.

"पडलं," ठकूबाई म्हणाली.

महिपती वळला. त्याने डावी बाजू मोकळी बघितली. मग हात जोडून त्याने कपाळ चौथऱ्याला टेकवलं. देवीची मर्जी, एवढंच म्हणाला. त्याने नारळ फोडला, प्रसादाची शेरणी बहिणीला दिली, दिव्यात तेल घातलं. तेल घालताना तो वात पुन्हा पुन्हा नीट करत होता. वास्तविक ती नीटच होती.

उतरताना ठकूबाई पुढे होती आणि तिला मागची प्रत्येक चाहूल ऐकू येत होती. हवं होतं ते झालं होतं. पुढच्या साली ती येणार, त्याच्या पुढच्या साली येणार, पाय चालतील तोवर येणार. तरी तिला कुठेतरी बसून पाण्याने हात धुवावेत असं वाटत होतं. अंगठ्याला झेंडूचा वास येत होता. तिने तो पदराला पुसला.

महिपती मागून काठी टेकत येत होता. मग म्हणाला, "दर अवसेला दिवा लावायला यायला हवं आता. आतापर्यंत ढकललं. पण देवी जर राहते म्हणतेय, तर तिला अंधारात कशी ठेवणार?"

"राजेश येईल की."

"राजेश." तो हसला. "तो वर्षातून दोनदा येतो, नि ते पण गाडी जिथवर जाते तिथवर. मीच येणार गो. या गुडघ्यांना सांगायला पाहिजे."

पुढे उतार सुटा होता. त्याचा पाय घसरला, दगड गडगडत खाली गेले, आणि तो कारवीच्या झुडपाला धरून कसाबसा उभा राहिला. ठकूबाईने वर जाऊन त्याला हात दिला. त्याचा तळवा सोलवटला होता. काय नाय, काय नाय, तो म्हणत होता, आणि ती रक्त पुसत होती, आणि तिला दिसत होता अवसेच्या संध्याकाळी याच वाटेवर एकटा, हातात तेलाची बाटली घेतलेला तिचा भाऊ.

खिंडीत रेंज मिळताच त्याच्या खिशातला फोन वाजला. राजेश सकाळपासून लावत असणार. वाडीची सगळी मुंबईकर मंडळी कोणाच्या तरी खोलीवर जमली होती, मागे ताटांचा आणि पोरांचा गलका ऐकू येत होता. महिपतीने फोन कानाला लावलाच नाही. रीतीप्रमाणे त्याने तो बहिणीच्या हातात दिला आणि स्वतः दगडावर बसून तळवा बघू लागला.

"आत्या, बोल गो. स्पीकरवर हायस. सगळी थांबलीत."

ठकूबाईने फोन दोन्ही हातांनी धरला. खाली नव्या वाडीचे पत्रे उन्हात चमकत होते.

"उजवी पडली," ती म्हणाली.

पलीकडे एकच गडबड उडाली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. महिपतीने मान वर केली. आक्का, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ना, असं काहीतरी तो म्हणायला लागला.

"तू नंतर बघितलंस," ठकूबाई म्हणाली. मग फोनमध्ये बोलली, जरा मोठ्याने, कारण आवाज पोचतो की नाही याचा तिला भरवसा वाटेना. "राजेश, नीट ऐक. आधी उजवी पडली. ती मी उचलून पुन्हा लावली. मग डावी पडली. पहिला कौल खरा. देवी खाली येते म्हणते."

गलका थांबला. कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, वय झालं आत्याचं.

"पण पुन्हा कशाला लावलीस?" राजेशने विचारलं.

"माझा मुलगा हाय वर."

"दीपकदादा? तो तर काल मला—"

"दीपकच्या आधीचा. जांभळीखाली ठेवलाय बाबांनी. देवी खाली गेल्यावर मी कोणाच्या नावानं वर जाऊ, म्हणून लावली."

पलीकडे एका बाईने तिथल्याच कोणाला तरी काही विचारलं, आणि एक पुरुष म्हणाला की बघणारीचा हात लागला म्हणजे कौल बाटला, पुन्हा लावायला हवा. दुसरा म्हणाला, पहिला पडला तो पडला. तिसऱ्याने मांडववाल्याचं काढलं. बघता बघता तिथे भांडण जुंपलं. राजेश सगळ्यांना गप्प करायला बघत होता, आणि ठकूबाई फोन हातात धरून ते सगळं ऐकत उभी होती.

महिपतीने उठून फोन तिच्या हातातून घेतला आणि बंद केला.

ठकूबाई वाट बघत राहिली. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"कुठली जांभळी?" त्याने विचारलं. "पाणवठ्याच्या वरची? खाली चपटा धोंडा हाय ती?"

तिने मान डोलावली.

"त्या जांभळीला मी बैल बांधायचो गो." त्याने तोंडावरून हात फिरवला, सोलवटलेला तळवा गालाला लागला तेव्हा चुरचुरला. "दुपारची भाकर त्या धोंड्यावर बसून खाल्लीय मी. किती वर्षं. कोणी सांगितलं पण नाय मला."

"कोण सांगणार? आईनं मला पण जवळ जाऊ दिलं नव्हतं."

"नाव काय ठेवलं होतं?"

"बारसं कुठं झालं होतं रे."

तो खाली वाडीकडे बघत राहिला, मग वर, जिथून उतरले त्या वाटेकडे. ऊन कलायला लागलं होतं. आता निघालं तर दिवसाउजेडी सडकेला लागणं होतं, आणि साळूबाई तिकडे डोळे लावून बसली असेल, हे दोघांनाही माहीत होतं.

"चल," महिपती म्हणाला, "दाखव मला."

"आता? तुझा गुडघा बघ, हात बघ. अंधार होईल उतरताना."

"होऊ दे."

"महिपती, अरे वाघरू—"

"ते काय भाच्याला भेटायला जाणाऱ्या मामाला खातंय?" तो म्हणाला, आणि काठी टेकत वाटेला लागलासुद्धा.

ठकूबाई क्षणभर जागीच राहिली. त्याला परत फिरवायला हवं, असं तिचं मन सांगत होतं. आता सगळ्यांना कळलं, उद्या उमरठला कळेल, दीपकला कळेल, तो काय म्हणेल, हेही त्याच मनात चाललं होतं. पण महिपती कारवीत शिरून दिसेनासा व्हायला लागला होता आणि त्या वाटेवरचे सुटे दगड तिला ठाऊक होते. तिने पदर खोचला आणि त्याच्या मागे निघाली. चौकीच्या अलीकडे त्याला गाठून ती पुढे झाली, आणि पाय कुठे ठेवायचा ते त्याला सांगत वर चढू लागली.